वावराची (शेताची) नेमकी जागा टिपण्यासाठी लीफलेट : जळगावातून एक परीक्षण

केळीच्या बागेचा पत्ता लिहिणे खानदेशात सोपे नाही. गावाचे नाव, तालुका आणि गट नंबर एवढे लिहिले की तलाठ्याचे काम भागते. ठिबक संच दुरुस्त करायला मोटारसायकलवर निघालेल्या कारागिराला मात्र त्यातून काहीही कळत नाही, कारण गट नंबर बांधावर लिहिलेला नसतो. त्याला हवी असते ती 'पाटाचा पूल ओलांडून डावीकडे वळा, दोन बांध सोडले की जुनी विहीर लागेल, तिच्या मागची बाग' अशी खूण. जळगाव जिल्ह्यातील एका लहान दुरुस्ती केंद्रासाठी मी मागणी नोंदवण्याचा वेब फॉर्म तयार केला, तेव्हा त्यात पत्त्यासाठी एक मोकळी चौकट ठेवली होती. त्या चौकटीत लोक गावाचे नाव लिहीत आणि पुढचे सगळे फोनवर ठरे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ठिबक बंद पडले, तर कारागीर रस्ता शोधण्यात घालवतो तो प्रत्येक तास बागेला सोसावा लागतो. म्हणून मी त्या फॉर्ममध्ये नकाशावर जागा निवडण्याची सोय जोडली आणि त्यासाठी लीफलेट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी (वेबपानांसाठीचा तयार कोड) ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या मुक्त नकाशासह वापरली. ती बरेच महिने प्रत्यक्ष कामात वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. नकाशा जोडणे अवघड नाही, नकाशाकडून खरे उत्तर मिळवणे अवघड आहे, आणि माझे बहुतेक म्हणणे या दुसऱ्या भागाविषयीच आहे.

लीफलेट ही युक्रेनमधील संगणकतज्ज्ञ व्होलोदिमिर आगाफोंकिन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेली मुक्त लायब्ररी आहे. बीएसडी या मुक्त परवान्यामुळे ती व्यावसायिक कामातही विनामूल्य वापरता येते, आणि तिची जावास्क्रिप्ट फाइल संकुचित स्वरूपात सुमारे ४२ केबी भरते. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण हा फॉर्म उघडणारा माणूस शहादा किंवा अक्कलकुवा तालुक्यातील एखाद्या गावात, कमी रेंजच्या फोनवर, एका हाताने तो भरत असण्याची शक्यता मोठी आहे. लायब्ररी स्वतः नकाशा पुरवत नाही. २५६ पिक्सेलचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्स, कुठूनतरी आणून एकमेकांना जोडून दाखवणे, बोटाने सरकवू देणे आणि निवडलेल्या बिंदूचे अक्षांश-रेखांश हाती देणे एवढेच काम ती करते, आणि ते उत्तम करते. गूगलची नकाशा सेवा वापरायची तर २०१८ पासून बिलिंग खाते जोडणे आवश्यक आहे, तसेच वापर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पैसे मोजावे लागतात. तिच्याजवळ ठिकाणांची माहिती अधिक भरघोस आहे, हे मान्य करायलाच हवे. तरीही ज्या केंद्राचे उत्पन्न हंगामावर अवलंबून आहे त्याला दर महिन्याला किती बिल येईल हे आधी सांगता न येणे परवडणारे नसते, म्हणून मी मुक्त पर्यायाकडे वळलो.

पहिला नकाशा पानावर दिसायला अर्धा तासही लागला नाही. तरी सुरुवातीच्या तीन अडचणी सांगून ठेवतो, कारण त्या जवळजवळ प्रत्येक नवख्याला येतात. नकाशाच्या चौकटीला उंची दिली नाही तर ती शून्य उंचीची राहते आणि पानावर काहीच दिसत नाही. चूक लायब्ररीची नसते, आपण सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, उंची लिहायला विसरलेलो असतो. दुसरी अडचण टप्प्याटप्प्याने उलगडणाऱ्या फॉर्मची आहे. नकाशा लपवलेल्या टप्प्यात तयार झाला की त्याला स्वतःची रुंदी कळत नाही आणि टप्पा उघडल्यावर एका कोपऱ्यात नकाशा व बाकी सगळे करडे असे चित्र दिसते. टप्पा उघडल्यानंतर इनव्हॅलिडेट साइझ ही आज्ञा दिली की नकाशा नीट भरतो. तिसरी अडचण बंडलर, म्हणजे कोडच्या अनेक फाइली एकत्र बांधणारे साधन, वापरणाऱ्यांची आहे. त्यांच्याकडे मार्करच्या चित्राचा मार्ग चुकतो आणि पिनच्या जागी तुटलेल्या चित्राची खूण दिसते, म्हणून चित्राचे पत्ते स्वतः नेमून द्यावे लागतात. लीफलेटच्या दस्तऐवजांची भाषा इंग्रजी असली तरी ते इतके स्वच्छ लिहिलेले आहेत की उदाहरणे पाहून महाविद्यालयातील विद्यार्थीही हे काम करू शकेल.

खरी परीक्षा इथून पुढे सुरू झाली. पहिल्या आवृत्तीत मी नकाशा जळगाव शहरावर केंद्रित केला आणि मध्यभागी एक पिन आधीच ठेवून दिली. वापरणाऱ्याने ती ओढून आपल्या वावरावर न्यावी, असा माझा विचार होता. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की अनेक मागण्यांची जागा शहराच्या मध्यभागी नोंदली जात आहे. लोकांनी पिनला हातच लावला नव्हता. आधीच भरलेल्या रकान्याकडे पाहून माणूस 'हे झालेले दिसते' असे समजतो आणि पुढे जातो, यात त्याचा काही दोष नाही. रिकामा रकाना निदान रिकामा आहे हे तरी सांगतो, पण चुकीच्या जागी ठेवलेली पिन खऱ्या उत्तराचा वेष घेऊन डेटाबेसमध्ये जाऊन बसते आणि नंतर तिला खऱ्यापासून वेगळे काढता येत नाही. तेव्हापासून माझ्या फॉर्ममध्ये सुरुवातीला पिन नसते. वापरणाऱ्याने स्वतः कृती केल्याशिवाय अक्षांश-रेखांशाचे रकाने भरले जात नाहीत. जागा निवडणारा कुठलाही फॉर्म तपासताना मी आता सर्वांत आधी हेच पाहतो.

पिन ओढण्याची पद्धतही मी पुढे सोडून दिली. लीफलेटमध्ये मार्करला ड्रॅगेबल केले की तो ओढता येतो, आणि संगणकावर माउसने ते सुखद वाटते. फोनवर मात्र बोट ज्या जागेवर असते तीच जागा बोटाखाली झाकली जाते. आपल्या २१ अंश अक्षांशावर झूम १५ ला (हा आकडा जितका मोठा तितका नकाशा जवळून दिसतो) पडद्यावरचा एक पिक्सेल जमिनीवरच्या साधारण साडेचार मीटरचा असतो. बोटाचे टोक चाळीस पिक्सेल झाकते असे धरले, तर त्याखाली सुमारे १८० मीटर जमीन लपते आणि तेवढ्यात तीन-चार शेतकऱ्यांचे बांध येऊन जातात. केंद्रात आलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याला मी फोन हातात देऊन जागा दाखवायला सांगितली. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, मी बोट ठेवतो तिथं मला दिसतच नाही. नकाशा हलवू दे, खूण जागेवर राहू दे." मी ज्याला अडचण समजत होतो त्याचे उत्तर त्यांनी दिले. आता पिन चौकटीच्या मध्यभागी स्थिर असते आणि तिच्याखालून नकाशा सरकतो. नकाशा थांबला की मूव्हएंड या घटनेवर मध्यबिंदू वाचला जातो. मात्र या रचनेत मध्यबिंदू नेहमीच अस्तित्वात असल्यामुळे आधीच भरलेल्या पिनची चूक मागच्या दाराने परत येऊ शकते. म्हणून 'हीच जागा नक्की करा' असे वेगळे बटण ठेवले आहे आणि झूम १७ पेक्षा कमी असेल तर ते बटण चालू होत नाही. झूम १७ ला एक पिक्सेल सुमारे १.१ मीटरचा होतो, त्यामुळे विहीर आणि बाग वेगळ्या ओळखता येतात.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. फोनवर लांब फॉर्म खाली सरकवताना बोट नकाशावर पडले तर पानाऐवजी नकाशाच सरकतो आणि माणूस फॉर्ममध्ये अडकून पडतो. एका बोटाने पान आणि दोन बोटांनी नकाशा अशी सवय लावणारे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा कोड, लीफलेटसाठी उपलब्ध आहे. मी त्यापेक्षा सोपा मार्ग निवडला. फॉर्ममध्ये फक्त 'नकाशावर वावर दाखवा' असे बटण असते आणि ते दाबल्यावर नकाशा पूर्ण पडद्यावर उघडतो. बटणावर आधी 'लोकेशन निवडा' असे लिहिले होते. शब्द बदलून 'वावर' केल्यावर केंद्रातल्या लोकांना विचारावे लागणारे प्रश्न कमी झाले. 'वावर कोठे शे?' हा प्रश्न अहिराणी बोलणाऱ्या माणसाला रोज ऐकू येतो, आणि लोकेशन हा शब्द त्याने ऐकलेला असला तरी त्याचा अर्थ घर, दुकान की शेत हे त्यालाच ठरवावे लागते.

'माझी सध्याची जागा घ्या' हे बटण तर सगळेच देतात. लीफलेटमध्ये लोकेट या एका आज्ञेने ते काम होते आणि मिळालेल्या बिंदूसोबत अचूकतेचा आकडाही मीटरमध्ये येतो. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, असणे मात्र बंधनकारक आहे. क्रोमने २०१६ पासून असुरक्षित पानांना जागा देणे बंद केले आहे. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत जागा देतो, त्यामुळे वावरात उभ्या असलेल्या माणसासाठी याहून चांगला उपाय नाही. घरात किंवा दुकानात बसल्यावर फोन वायफाय आणि मोबाइल टॉवरच्या आधारे अंदाज करतो आणि तो अंदाज शेकडो मीटरने, कधी त्याहूनही अधिक, चुकू शकतो. म्हणून अचूकतेचे वर्तुळ नकाशावर दाखवणे आणि ते ३० मीटरपेक्षा मोठे असेल तर बिंदू थेट न स्वीकारता नकाशा फक्त त्या भागात नेऊन सोडणे, असे मी ठरवले.

पण अचूकतेपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. मागणी नोंदवणारा माणूस बहुतेक वेळा वावरात नसतोच. तो रात्री घरी जेवणानंतर फॉर्म भरतो, किंवा बाजाराच्या दिवशी रावेरला अथवा चोपड्याला आलेला असताना कृषी सेवा केंद्रात बसून भरतो, किंवा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा वडिलांसाठी तिथूनच भरतो. अशा वेळी जीपीएसने दिलेली जागा पाच मीटरपर्यंत अचूक असते आणि तरीही पूर्णपणे चुकीची असते. मी बटण दाबण्याआधी 'आपण आत्ता वावरातच आहात का?' असा साधा प्रश्न ठेवला. 'नाही' असे उत्तर आले तर जीपीएसकडे न जाता गावाच्या यादीकडे नेले जाते. एका प्रश्नाने जे साधले ते कुठल्याही प्लगइनने साधले नसते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

गावाच्या यादीविषयी सविस्तर लिहितो, कारण शोधपेटी ठेवून मोकळे होण्याचा मोह सर्वांना होतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारी नॉमिनॅटिम ही शोधसेवा विनामूल्य आहे, पण तिच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला एकाहून अधिक विनंत्या करता येत नाहीत आणि अक्षरागणिक सूचना दाखवण्यासाठी तिचा वापर करण्यास स्पष्ट मनाई आहे. त्याहून महत्त्वाची अडचण आपल्या गावांच्या नावांची आहे. पिंप्री, वडगाव, सावखेडा ही नावे एकट्या खानदेशात किती ठिकाणी आहेत हे इथला कुणीही सांगेल. बुद्रुक आणि खुर्द यांची जोडगावे आहेत, न्हावी प्र. यावल अशी प्रशासकीय शेपूट लागलेली नावे आहेत. ही नावे इंग्रजी अक्षरांत लिहिताना प्रत्येक जण वेगळे लिहितो. शोधपेटीत 'पिंप्री' लिहिले की पुण्याजवळची पिंपरीही समोर येते. म्हणून जिल्हा, तालुका आणि गाव असे तीन रकाने ठेवले, त्यातली नावे केंद्र शासनाच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीतून घेतली आणि प्रत्येक गावाचा तिथला संकेतांक नोंदीसोबत साठवला. गाव निवडले की नकाशा थेट गावठाणावर जातो आणि तिथून शेतकरी रोजच्या रस्त्यानेच आपल्या वावरापर्यंत नकाशा सरकवत नेतो. माणसाला आपली जागा पत्त्याने आठवत नाही, जाण्याच्या वाटेने आठवते. या रचनेत ती वाट त्याला पडद्यावर चालता येते.

वाट दिसण्यासाठी नकाशात वाट असायला मात्र हवी. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, तापी आणि गिरणा यांची पात्रे, मोठी गावे हे सारे चांगले आहे. शिवरस्ते, पाट आणि पाणंद मात्र कुठे आहेत, कुठे नाहीत, आणि सातपुड्यातील पाड्यांकडे जाणाऱ्या वाटांची स्थिती आणखी विरळ आहे. शेतांच्या बांधांच्या रेषा तिथे सहसा नसतात. म्हणून झूम १६ च्या पुढे उपग्रह प्रतिमांचा थर देणे भागच आहे. लीफलेटमध्ये थर बदलण्याचे नियंत्रण तयारच मिळते आणि इस्रोच्या भुवनसारख्या सेवा ज्या डब्ल्यूएमएस पद्धतीने नकाशे देतात ती पद्धतही ही लायब्ररी समजते. कोणताही थर घेण्याआधी त्याच्या वापराच्या अटी वाचाव्यात. उपग्रह प्रतिमा काही वर्षे जुनी असू शकते, त्यामुळे आज जिथे केळी उभी आहे तिथे प्रतिमेत कपाशी किंवा उघडी जमीन दिसते आणि शेतकरी गोंधळतो. सूचनेत मी 'पीक पाहू नका, विहीर, पाट, झाड आणि रस्त्याचे वळण पाहा' असे लिहिले, तेव्हा लोक आपली जागा पटकन ओळखू लागले.

तांत्रिक बाजूची एक चूक मी केली आणि तिने अर्धा दिवस घालवला. लीफलेट आधी अक्षांश आणि मग रेखांश घेते. २०१६ च्या आरएफसी ७९४६ या इंटरनेट मानकात प्रमाणित झालेल्या, जागांची माहिती साठवण्याच्या जिओजेसन या स्वरूपात मात्र आधी रेखांश आणि मग अक्षांश असतो. जळगाव शहर साधारण २१.०१ उत्तर अक्षांश आणि ७५.५६ पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटले की बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला बॅरंट्स समुद्राच्या थंड पाण्यात जाऊन पडतो. दोन्ही आकडे आपापल्या मर्यादेत बसत असल्यामुळे संगणक तक्रार करत नाही, हा यातला धोका आहे. म्हणून सर्व्हरवर एक तपासणी आवश्यक आहे : अक्षांश २० ते २२.२ आणि रेखांश ७३.३ ते ७६.७ या ढोबळ चौकटीच्या बाहेरचा बिंदू आला तर त्यावर इशारा नोंदवावा. ब्राउझरमधली तपासणी पुरेशी नाही, कारण तिथून येणारा आकडा कुणीही बदलू शकतो. आकडे साठवताना दशांश चिन्हानंतर पाच स्थळे पुरतात. पाचव्या स्थळाचा एक अंक अक्षांशात सुमारे १.१ मीटर आणि आपल्याकडे रेखांशात १ मीटरपेक्षा किंचित अधिक होतो. चौदा स्थळे साठवून अचूकता वाढत नाही, तसा आभास फक्त निर्माण होतो.

चौकटीचा उल्लेख आला तेव्हा एक इशारा देतो. लीफलेटमध्ये मॅक्सबाउंड्स लावून नकाशा खानदेशाबाहेर सरकू न देणे शक्य आहे आणि ते मी केले. त्यामुळे अनावश्यक टाइल्स मागवल्या जात नाहीत. शिवाय किमान झूम ९ ठेवल्यामुळे देशाच्या सीमा पडद्यावर येतच नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपच्या प्रमाण थरावरील उत्तर सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळत नाहीत, त्यामुळे शासकीय कामात हा थर वापरणाऱ्यांनी ही बाब गांभीर्याने पाहावी. मात्र चौकट जिल्ह्याच्या रेषेवर अगदी घट्ट बसवू नये. रावेरच्या पूर्वेला बऱ्हाणपूर लागते, नवापूरच्या पलीकडे गुजरात सुरू होतो, आणि राज्याची सीमा शेतकऱ्याच्या बांधाला विचारून आखलेली नसते.

टाइल्सच्या बाबतीत मी वाचकांना कळकळीने सांगतो की ओपनस्ट्रीटमॅपचा सार्वजनिक टाइल सर्व्हर ही फुकटची अमर्याद सोय समजू नये. तो देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतो, सेवेची हमी देत नाही, मोठ्या वापराला किंवा टाइल्स घाऊक उतरवून ठेवायला परवानगी देत नाही आणि नियम मोडणाऱ्याला पूर्वसूचनेशिवाय थांबवू शकतो. नकाशाच्या कोपऱ्यातील श्रेयओळ काढून टाकणे हा तर परवान्याचाच भंग आहे. चाचणीसाठी आणि अगदी थोड्या वापरासाठी हा सर्व्हर चालेल. वापर वाढला की सशुल्क टाइल सेवा घ्यावी किंवा प्रोटोमॅप्स प्रकल्पाच्या पीएमटाइल्स स्वरूपाचा विचार करावा. त्यात आपल्याला हव्या असलेल्या प्रदेशाचा नकाशा एकाच फाइलमध्ये मावतो आणि ती फाइल साध्या वेब सर्व्हरवर ठेवली तरी ब्राउझर तिच्यातला लागेल तेवढाच भाग मागवतो. खानदेशापुरता नकाशा हवा असलेल्या आमच्यासारख्यांना हा मार्ग फार सोयीचा आहे आणि मी आता त्याच मार्गावर आहे.

उणिवा सांगतो. कीबोर्डवर काम करणाऱ्या किंवा दृष्टिबाधित वापरकर्त्यासाठी लीफलेट अपुरे आहे. बाणांच्या कळांनी नकाशा सरकतो, पण मार्कर कीबोर्डने ओढता येत नाही आणि स्क्रीन रीडरला नकाशातील चित्र कळत नाही. नकाशा हा जागा सांगण्याचा एकमेव मार्ग ठेवणे म्हणूनच अन्यायाचे आहे. माझ्या फॉर्ममध्ये नकाशाशिवायही मागणी नोंदवता येते. त्यासाठी गाव निवडून 'रस्ता शब्दांत सांगा' ही चौकट भरणे पुरेसे आहे. ज्यांनी बिंदू निवडला त्यांनाही ती चौकट भरण्याची विनंती केली जाते, कारण बिंदू कारागिराला बागेपर्यंत नेतो आणि 'फाटकाला कुलूप असते, मागच्या बाजूने या' हे त्याला शब्दच सांगतात. दुसरी उणीव फिरवता येणाऱ्या, सुळसुळीत व्हेक्टर नकाशांची, म्हणजे चित्रांच्या तुकड्यांऐवजी रेषांच्या माहितीतून काढलेल्या नकाशांची. तसे नकाशे हवे असतील तर मॅपलिब्रे ही लायब्ररी घ्यावी, फाइल कित्येक पट मोठी होईल हे लक्षात ठेवून. ओपनलेयर्स ही आणखी एक लायब्ररी अधिक समर्थ आहे, पण एका पिनसाठी ती मला जड वाटली.

निवडलेला बिंदू फोनवर सांगता यावा म्हणून मी त्याखाली डिजिपिनही दाखवतो. भारतीय टपाल खात्याने मे २०२५ मध्ये जाहीर केलेला हा दहा अक्षर-अंकांचा संकेत सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला मिळतो, तो अक्षांश-रेखांशावरून थेट काढता येतो आणि त्यासाठी कुठल्याही बाहेरच्या सेवेला विचारावे लागत नाही. कारागिराच्या फोनमध्ये नेट नसले तरी केंद्रातून कुणी तो संकेत वाचून दाखवू शकते. वावराची जागा आणि मोबाइल नंबर एकत्र आले की ती वैयक्तिक माहिती होते, त्यामुळे दुरुस्ती पूर्ण झाल्यावर ती किती दिवस ठेवायची हे आम्ही फॉर्मवरच लिहिले आहे, आणि बिंदू कुठल्याही तिसऱ्या सेवेकडे पाठवत नाही.

एखादी पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, ग्रामपंचायत किंवा पाणीपुरवठ्याची तक्रार घेणारी नगरपालिका यांच्यापैकी कुणी मला विचारले, तर मी निःसंकोचपणे लीफलेट सुचवेन, आणि कामाचे तास मोजताना लायब्ररी जोडण्याला एक दिवस व वापरणाऱ्यांसोबत बसून ती सुधारण्याला तीन आठवडे धरा असेही सांगेन. आमच्याकडे कारागिरांचे रस्ता विचारणारे फोन पूर्णपणे थांबलेले नाहीत, पण जे येतात ते आता बागेच्या बांधावरून येतात, गावाच्या वेशीवरून येत नाहीत.

नकाशात नसलेले शिवरस्ते आम्ही स्वतः भरायला घेतले आहेत. कारागीर जाऊन आला की त्याच्या फोनमधील मार्गनोंद केंद्रातल्या संगणकावर घेतो आणि ओपनस्ट्रीटमॅपवर त्या रस्त्याची रेषा आखतो. ती बहुतेक वेळा काही मिनिटांतच प्रमाण नकाशावर दिसू लागते आणि आमची नकाशाची फाइल ताजी केली की त्या शिवारातील पुढच्या शेतकऱ्याला आपली वाट पडद्यावर सापडते. यावल आणि चोपडा तालुक्यांतील आमच्या नेहमीच्या फेऱ्यांचे रस्ते भरून झाले. धडगावकडच्या पाड्यांच्या वाटा पावसात बदलतात, म्हणून त्या दिवाळीनंतर पुन्हा चालून पाहून मग आखणार आहोत.